‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’चे पोलिश रूपांतर : एक चिकित्सक दृष्टिक्षेप

दुर्बिणीतून स्वरतंतूंवरील गाठ दिसते. परंतु त्या गाठीमुळे रुग्णाने चारचौघांत बोलणे सोडले काय, हे रुग्णावाचून दुसरे कोणी सांगू शकत नाही. या जाणिवेतून बार्बरा जेकबसन व त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 मध्ये अमेरिकेत ‘व्हॉइस हँडिकॅप इंडेक्स’ ही स्व-निवेदन प्रश्नावली सिद्ध केली. कार्यात्मक, शारीरिक व भावनिक अशा तीन विभागांत प्रत्येकी 10 विधाने, प्रत्येक विधानास 0 ते 4 गुण आणि कमाल बेरीज 120 असे तिचे स्वरूप आहे. पुढे पोलंडमध्ये प्रुशेविच व सहकाऱ्यांनी 2004 मध्ये तिचे पोलिश रूप प्रसिद्ध केले आणि लेखाच्या शीर्षकातच त्यास ‘स्वकृत परिष्करण’ म्हटले. हा प्रांजळपणा मोलाचा आहे, कारण अशा रूपांतरात अनुवादापेक्षा निर्णयच अधिक असतात.

पहिला निर्णय नावातच दिसतो. ‘हँडिकॅप’ हा शब्द जागतिक आरोग्य संघटनेच्या 1980 च्या वर्गीकरणातून आलेला आहे. तेथे इंद्रियातील दोष, त्यामुळे येणारी अक्षमता आणि तिच्यापायी समाजात होणारी हानी अशा तीन पायऱ्या मानल्या होत्या. ‘हँडिकॅप’ ही तिसरी. पोलिश शीर्षकात त्यासाठी ‘न्येस्प्रावनोश्च’ हा शब्द योजिला आहे. या शब्दाचे विशेषण बंद पडलेल्या उद्वाहकालाही लावतात. म्हणजे सामाजिक हानी मोजण्यासाठी निघालेली प्रश्नावली नावापुरती तरी पुन्हा इंद्रियाच्या बिघाडापाशी येते. ‘न्येपेउनोस्प्रावनोश्च’ हा दुसरा शब्द उपलब्ध होता. पण तो अपंगत्वाचा कायदेशीर शब्द आहे. 1997 च्याच पोलिश पुनर्वसन कायद्यात तो एक अधिकृत दर्जा दर्शवितो. दोहोंपैकी कोणताही शब्द निर्दोष नाही, आणि पहिला निवडण्यामागील सावधपणा समजण्यासारखा आहे. तथापि 2001 च्या नव्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाने ‘हँडिकॅप’ ही संज्ञाच वगळून ‘सहभागावरील मर्यादा’ ही कल्पना पुढे आणली होती. 2004 च्या रूपांतराला तो मार्गही खुला होता.

हा केवळ शब्दच्छल नव्हे. पोलंडमध्ये किमान 15 वर्षांच्या अतिरिक्त स्वरश्रमाने जडलेले काही जुनाट स्वरविकार व्यवसायजन्य रोगांच्या अधिकृत यादीत आहेत, आणि त्यांचा सर्वाधिक संबंध शिक्षकवर्गाशी येतो. ज्या शिक्षिकेच्या रोगाची अशी तपासणी व्हावयाची आहे, तिच्या पुढ्यात ‘मला अपंग वाटते’ या अर्थाचे विधान आले, तर ती आपली भावना नोंदविते की दावा मांडते, हे गुणांवरून कळणे कठीण.

तिच्याच दृष्टीने उत्पन्न घटल्याविषयीचे विधान पाहावे. गायक, वकील किंवा विक्रेता यांच्या बाबतीत बसलेला आवाज म्हणजे बुडालेली कमाई. पोलिश सरकारी शाळेतील कायम शिक्षिकेचे तसे नाही. 1982 च्या ‘शिक्षक सनदे’नुसार ठराविक सेवेनंतर तिला प्रकृतिस्वास्थ्यासाठी पगारी रजा मिळू शकते. तेव्हा आवाज पार बसलेला असतानाही ती या विधानापुढे प्रामाणिकपणे शून्य लिहील. येथे दोष अनुवादाचा नाही. विधान जसेच्या तसे उतरूनही मोजमाप चुकते. ते बदलावे, तर अमेरिकन बेरजेशी तुलना तुटते. ठेवावे, तर ज्या वर्गात विकार ठळक, त्याच वर्गात एक विधान मुके राहते. रूपांतरकारांनी कोणती किंमत मोजली हे उघड सांगावे, एवढी अपेक्षा गैर नाही.

व्याकरणाचा प्रश्न लहान दिसतो, पण आहे. इंग्रजीतील ‘मी’ लिंगनिरपेक्ष असतो. पोलिशमध्ये वर्तमानकाळी क्रियापद तसेच राहते, परंतु भूतकाळात आणि ‘चिडलेला’, ‘लाजलेली’ अशा विशेषणांत लिंग प्रकट होते. (मराठी अनुवादकास ही अडचण ‘बोलतो’-‘बोलते’पासूनच सुरू होते.) पुल्लिंगी रूप लिहून तिरक्या रेघेपुढे स्त्रीलिंगी प्रत्यय जोडण्याची रीत सोयीची खरी, पण पोलिश शिक्षकांत स्त्रियांचे मोठे बहुमत असता भावनिक विभाग त्यांना परक्या रूपात वाचावा लागतो. नामरूप रचनेने हे बऱ्याच अंशी टाळता येते.

अशा प्रश्नांना विश्वसनीयतेच्या गुणांकाने उत्तर देण्याची प्रथा रूढ आहे. मूळ प्रश्नावलीचा क्रोनबॅक अल्फा 0.95 होता. मात्र उच्च अल्फा फक्त विधाने परस्परांशी जुळतात एवढेच सांगतो. ती कशाविषयी जुळतात, हे सांगत नाही. तीस विधानांची एकसुरी यादी असली की तो सहज वाढतो. उलट अनुवादाची कसोटीही येथे तोकडी पडते. ‘न्येस्प्रावनोश्च’ व्यावसायिक अनुवादकाकडे दिला तर मूळ ग्रंथ ठाऊक असल्याने तो त्याचा ‘हँडिकॅप’ करून परत देईल, आणि समिती समाधान पावेल. बीटन व सहकाऱ्यांच्या 2000 च्या मार्गदर्शक तत्त्वांत 30 ते 40 व्यक्तींवर पूर्वचाचणी घेऊन प्रत्येक विधानातून त्यांनी काय अर्थ घेतला हे विचारण्याची पायरी आहे. शून्य लिहिणाऱ्या शिक्षिकेला ‘शून्य का?’ असे तेथेच विचारता येते.