फॅसियाचे शास्त्र आणि फॅसियाचे रूपक

शरीरातील एका ऊतीविषयी वाङ्मयविषयक मासिकात लिहिण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे साहजिक आहे. त्यास आमचे उत्तर असे की, जो विषय प्रयोगशाळेतून निघून घरोघरी बोलला जाऊ लागतो, तो तेथे पोहोचेपर्यंत बहुतांशी भाषेचा विषय झालेला असतो; आणि भाषेत गफलत कोठे झाली हे पाहणे टीकाकाराचेच काम होय. ‘फॅसिया’ या शब्दाची आज हीच अवस्था आहे. सांताक्रूझसारख्या उपनगरात योगवर्ग, व्यायामशाळा व भौतिकोपचाराचे दवाखाने यांची वाण नाही. पाठीचे दुखणे घेऊन तेथे जाणाऱ्या प्रौढ मनुष्यास ‘तुमचा फॅसिया आखडला आहे, तो मोकळा केला पाहिजे’ असे कोणी सांगितले, तर त्यात आता नवल राहिलेले नाही. या वाक्यात शास्त्र किती आणि रूपक किती, एवढाच आमच्या लेखाचा विषय.

प्रथम वस्तूविषयी. फणस फोडला म्हणजे आपण गरे तेवढे वेचून घेतो आणि त्यांना वेढून, बांधून ठेवणारे तंतू टाकून देतो. शवविच्छेदनाच्या मेजावरही पिढ्यान्‌पिढ्या हेच घडत आले. स्नायू स्वच्छ दिसावेत म्हणून विद्यार्थी त्यांवरील पांढरट पटल खरवडून टाकीत. हे पटल म्हणजे फॅसिया. त्याचे मुख्य द्रव्य कोलॅजेन. आपल्या शरीरातील एकंदर प्रथिनांपैकी सुमारे एकचतुर्थांश ते एकतृतीयांश भाग या एकाच प्रथिनाचा असतो. त्याच्या रेणूची तिपेडी रचना प्रथम मांडली ती मद्रास येथे, १९५४ साली, गो. ना. रामचंद्रन व गोपीनाथ कार्था यांनी. या शास्त्राच्या पायातील एक चिरा आपल्याच देशात घडला, ही गोष्ट आपल्या सुशिक्षितांस सहसा ठाऊक नसते.

टाकाऊ मानलेल्या या पटलास प्रतिष्ठा मिळाली ती अलीकडे. २००७ साली बोस्टन येथे फॅसियाविषयक संशोधनाची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तत्पूर्वी, २००५ मध्ये, हेलेन लाँजव्हॅ व त्यांचे सहकारी यांनी उंदरांच्या त्वचेखालील ऊतीस ताण दिला असता तिच्यातील फायब्रोब्लास्ट पेशी पसरट होतात, आपला आकार बदलतात, असे दाखविले होते. याच संशोधकांनी २०११ मध्ये ध्वनिलहरींच्या साहाय्याने माणसांच्या कमरेतील फॅसियाचे थर एकमेकांवर किती सरकतात हे मोजले. जुनाट कंबरदुखी असलेल्यांत ते सरकणे सुमारे वीस टक्क्यांनी कमी आढळले. हा शोध मोलाचा खरा. परंतु थर सरकत नाहीत म्हणून कंबर दुखते, की कंबर दुखते म्हणून मनुष्य हालचाल टाळतो व त्यामुळे थर सरकेनासे होतात, याचा निवाडा एवढ्याने होत नाही. संशोधकाचे वाक्य येथे थांबते. प्रचारकाचे वाक्य येथून सुरू होते.

या प्रचारास सर्वांत मोठे बळ दिले ते रूपकांनी. टॉमस मायर्स यांच्या २००१ सालच्या ‘ॲनाटॉमी ट्रेन्स’ या ग्रंथात शरीरभर पसरलेल्या स्नायूंच्या व पटलांच्या मालिकांस आगगाडीच्या मार्गांची उपमा दिलेली आहे. उपमा चटकदार आहे, आणि पश्चिम रेल्वेच्या काठी राहणाऱ्यांस ती समजावून सांगण्याची गरजही नाही. पण मार्ग नकाशावर काढणे निराळे आणि रूळ जमिनीवर असणे निराळे. २०१६ मध्ये यान विल्के व सहकाऱ्यांनी शवविच्छेदनाचे उपलब्ध पुरावे एकत्र करून पडताळले, तेव्हा यांपैकी तीन मालिकांस भक्कम आधार मिळाला, दोहोंस मध्यम मिळाला, आणि शरीराच्या पुढील बाजूच्या एका मालिकेस मुळीच मिळाला नाही. रूपक अर्धेअधिक खरे ठरले, यात ग्रंथकाराचे श्रेय आहे. ते सर्वस्वी खरे समजून चालणाऱ्यांचे मात्र नाही.

‘मोकळा करणे’ या क्रियापदाची गत याहून वाईट. २००८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका गणिती अभ्यासाने असे दाखविले की, तळपायाच्या किंवा मांडीच्या बाहेरील बाजूच्या टणक फॅसियात शेकडा एक इतका बदल घडविण्यासही जो जोर लागेल तो माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा आहे. हा अभ्यास विरोधकांचा नव्हे, फॅसियाच्या अभ्यासकांचाच आहे, हे विशेष. म्हणून मर्दनाने बरे वाटत नाही असे नाही. फॅसियात मज्जातंतूंची टोके विपुल असल्याने त्या सुखाचे कारण तेथे शोधणे अधिक सयुक्तिक, असे अनेक अभ्यासक म्हणतात. आराम खरा असेल. त्याचे सांगितलेले कारण खरे असेलच असे नाही, आणि पैसे पुष्कळदा कारणाचे घेतले जातात.

येथे आमच्याच प्रांतातील एक उदाहरण आठवावे. परमहंस माधवदासांचे दोन शिष्य या भागात नावारूपास आले. श्री योगेंद्रांनी १९१८ मध्ये वर्सोवा येथे योग संस्था काढली. तीच पुढे सांताक्रूझ येथे स्थिरावली आणि गृहस्थाश्रमी माणसासाठी योग ही तिची ओळख झाली. दुसरे जगन्नाथ गणेश गुणे, म्हणजेच स्वामी कुवलयानंद. त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम व ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक सुरू केले. उड्डियान व नौली या क्रियांत पोटातील दाब किती उतरतो हे त्यांनी यंत्राने मोजले, क्ष-किरणांची छायाचित्रे घेतली आणि मग लिहिले. श्रद्धा उदंड असूनही मापन आधी आणि विधान मागाहून, हा त्यांचा क्रम होता. आजच्या फॅसियापुराणास हाच निकष लावावा, असे आमचे म्हणणे आहे.

‘हे सारे सुश्रुतास ठाऊक होते’ असे म्हणणाऱ्यांसही हाच निकष. फळ्यांची नाव बंधनांनी नीट बांधली म्हणजे पाण्यावर भार वाहते, तद्वत् स्नायूंनी बांधलेले शरीर भार सोसते, अशा आशयाचा दृष्टान्त सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात आहे. दृष्टान्त अप्रतिम आहे. परंतु त्यात पेशींचे आकार नाहीत की थरांचे सरकणे नाही. त्यास शोध म्हणणे म्हणजे त्याचे काव्यही गमावणे होय.

मात्र त्यातून आम्हां मराठी भाषकांस एक बोध घेता येईल. सुश्रुताचा ‘स्नायु’ म्हणजे बांधणारा तंतू. मांसल भागास त्याने ‘पेशी’ म्हटले. मराठीने ‘स्नायू’ हा शब्द मांसल भागास देऊन टाकला आणि ‘पेशी’ सूक्ष्म घटकास; बांधणाऱ्या वस्तूस घरगुती नावच उरले नाही. परिभाषेतील ‘प्रावरणी’ पांघरुणाचा अर्थ देते. लॅटिन ‘फॅसिया’चा मूळ अर्थ मात्र पट्टी, बंध असा आहे, म्हणजे तो सुश्रुताच्या स्नायूस अधिक जवळचा. ज्या वस्तूस आपल्या बोलीत नाव नाही, तिच्याविषयी कोणीही काहीही सांगावे आणि आपण मान डोलवावी, हे ओघानेच येते. तेव्हा परका शब्द खुशाल वापरावा, पण वापरणाऱ्यास तीन प्रश्न पुसावेत: हे कोणी मोजले, माणसात मोजले की उंदरात, आणि दुखण्याआधी मोजले की नंतर? उत्तर देणारा शिक्षक वा वैद्य भेटला तर त्याच्याकडे अवश्य जावे. न देणाऱ्याकडे जाण्यापेक्षा रोज सकाळी अर्धा तास चालावे. त्यास रूपकाची गरज लागत नाही.