‘कोबाल्ट ब्लू’ : रहस्य आहे, हसू का नाही?

सचिन कुंडलकर यांच्या ‘कोबाल्ट ब्लू’चा (२००६) सांगाडा फार्साचा आहे. घरात एक भाडेकरू. त्याच्यावर भाऊ आणि बहीण दोघांचाही जीव. एकाला दुसऱ्याचा पत्ता नाही. आधी तनय बोलतो, मग अनुजा. त्यामुळे अनुजाला ठाऊक नसलेले वाचकाला आधीच ठाऊक असते. भाडेकरूचे नाव तर शेवटपर्यंत कळत नाही. रहस्यकथेला आणखी काय लागते?

तरी हसू फुटत नाही. फार्सात बिंग फुटले की फजिती होते आणि पडदा पडतो. तनयच्या बाबतीत घर सुटण्याचीच भीती. त्यात दोन पुरुषांचा संबंध गुन्हा ठरवणारे कलम ३७७ तेव्हा लागू होते. लपवाछपवी लेखकाच्या आधी परिस्थितीनेच रचून ठेवली होती.

आमच्या भिवंडीत यंत्रमाग कामगार एकेका खोलीत पाळीपाळीने झोपतात. तिथे तनयला लावून घ्यायला दारही मिळाले नसते.

६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा संबंध गुन्ह्यातून वगळला. पण विनोदी प्रेमकथेला आणखी एक आधार लागतो: बिंग फुटल्यावरही रात्री घरच्या पंगतीत ताट मांडलेले असेल, हा भरवसा. तो मराठी घरांनीच द्यायचा आहे.