चांदमारीच्या भंगारातील स्फोटक अवशेष : प्रमाणपत्र आणि परीक्षण

लष्करी सराव मैदानावरील, म्हणजेच चांदमारीच्या, भंगाराच्या सुरक्षिततेचा विचार आपल्याकडे प्रामुख्याने कागदपत्रांच्या अंगाने झाला आहे. प्रस्तुत लेखात या दृष्टीची चिकित्सा ठाणे व कल्याण-डोंबिवली परिसराच्या संदर्भात केली आहे.

30 सप्टेंबर 2004 रोजी गाझियाबादजवळील साहिबाबाद येथे एका पोलाद कारखान्यात आयात भंगारातील तोफगोळ्यांचा स्फोट होऊन 10 कामगार मृत्युमुखी पडले. त्यानंतर विदेश व्यापार महासंचालनालयाने अखंड धातू-भंगारासाठी जहाजावर चढविण्यापूर्वीच्या तपासणीचे प्रमाणपत्र बंधनकारक केले. तथापि, हा नियम आयातीचा होय. देशातील मैदानांवरून निघणारा माल त्याच्या कक्षेत येत नाही. 20 नोव्हेंबर 2018 रोजी वर्धा जिल्ह्यातील पुलगावनजीक जुना दारूगोळा नष्ट करण्याच्या कामात 6 जणांचा बळी गेला. स्फोटानंतर उरणारे धातूचे तुकडे वेचणे हे तेथील गरिबांच्या उपजीविकेचे साधन असल्याचे त्या वेळी प्रकाशात आले. वेचलेल्या तुकड्याला प्रमाणपत्र नसते.

मूळ प्रश्न परीक्षणाचा आहे. केवळ डोळ्यांनी केलेली पाहणी अपुरी ठरते, कारण स्फोटक द्रव्य आट्यांत, तड्यांत व फ्यूजच्या पोकळीत दडून राहते. रासायनिक रंगचाचणीत टीएनटी अल्कलीशी लालसर-जांभळा रंग देते. परंतु ही चाचणी पृष्ठभागापुरतीच बोलते. टीएनटी सुमारे 80 अंश सेल्सिअसला वितळत असल्याने वाफेने काढता येते. आरडीएक्स मात्र 200 अंशांपुढे वितळते, म्हणून तेथे वाफ निरुपयोगी ठरते. शिवाय धुतलेले पाणी स्वतःच दूषित होते. अमेरिकी लष्कराच्या जुन्या मानकानुसार भंगार सुमारे 538 अंशांवर 15 मिनिटे तापविल्यावरच ते पूर्ण निर्धोक मानले जाई. बंद पोकळ्या आधी उघडणे ही त्याची पूर्वअट होय.

अशी सोय भंगाराच्या गोदामात नसते. तेथे गॅस कटर हेच हत्यार असते, आणि त्याची ज्योत नेमकी न तपासलेल्या पोकळीवर पडू शकते. भिवंडी, मुंब्रा व शीळ परिसरात गोदामे आणि वस्ती यांत अंतर अल्प आहे. 26 मे 2016 रोजी डोंबिवलीच्या औद्योगिक वसाहतीतील प्रोबेस कंपनीतील स्फोटात 12 जण दगावले. तो भंगाराचा स्फोट नव्हता. परंतु कारखान्याच्या भिंतीपलीकडील घरांनाही त्याची झळ बसली, हे विसरता येत नाही.

तात्पर्य, तपासणी व तापन मैदानावरच, भंगार बाहेर पडण्यापूर्वी झाले पाहिजे आणि त्याची जबाबदारी माल सोडणाऱ्या यंत्रणेवरच असली पाहिजे. अन्यथा प्रमाणपत्र कागदाचे राहील आणि धोका मात्र कटर हाती धरणाऱ्या कामगाराच्या वाट्याला येईल.