तीन दिवसांची हंडी

कॅसरोल म्हटले की आपल्याकडे पोळ्या गरम ठेवायचा झाकणाचा डबा डोळ्यांसमोर येतो. थोरल्या बहिणीच्या लग्नात असले पाच डबे आहेर म्हणून आले होते, हे मला अजून आठवते. पण मूळ फ्रेंच शब्द भांड्याचा आहे, आणि युरोपातल्या घरांत तो घट्ट झाकणाच्या हंडीला व तिच्यात मंद आचेवर तासन् तास शिजलेल्या पदार्थालाही लावतात. थंडीच्या रात्री अशी एक हंडी मेजावर यावी आणि सोबत लवंग-दालचिनी घालून गरम केलेली द्राक्षाची दारू असावी, ही तिकडची घरगुती सुखाची कल्पना. आपल्यापैकी पुष्कळांना या दोन्ही गोष्टी वर्ज्य आहेत. पण साहित्याला विटाळ नसतो. म्हणून आजचा विषय इंग्रजी साहित्यातली अशी एक हंडी आणि असा एक गरम प्याला.

हंडी आहे व्हर्जिनिया वुल्फ यांच्या १९२७ साली प्रसिद्ध झालेल्या 'टू द लाइटहाऊस' या कादंबरीतली. स्कॉटलंडजवळच्या एका बेटावर रॅम्झे कुटुंब सुट्टीसाठी आले आहे. घरात आठ मुले आणि बरेच पाहुणे. रात्री पंधरा माणसे जेवायला बसतात. प्रत्येक जण आपल्याच विचारात, कोणाचे कोणाशी जुळत नाही. मेणबत्त्या लागतात आणि 'बफ आँ दोब' या पदार्थाची मोठी तपकिरी हंडी येते. झाकण निघते, वास दरवळतो, आणि विखुरलेली माणसे हळूहळू एका पंगतीची होतात. एम.ए.च्या वर्गात हा प्रसंग आम्हांला 'क्षणाला चिरंतन करणारी कला' म्हणून शिकवला गेला. उत्तरपत्रिकेत मी तसेच लिहिले आणि गुणही मिळवले.

पुढे काही वर्षांनी ही गोष्ट घरी सांगत होतो. पत्नीने भाजी निवडता निवडता विचारले, "अहो, पण ते केलं कोणी?" मी म्हणालो, "मिसेस रॅम्झेंनी." पुस्तक उघडून पाहिले तर माझे उत्तर चूक होते.

दोब हा फ्रान्सच्या दक्षिण भागातला पदार्थ. चिवट मांसाचे मोठे तुकडे कांदा, गाजर, तमालपत्राच्या जातीचे पान आणि लाल वाइन यांत मुरवायचे; पुष्कळदा संत्र्याची वाळलेली सालही घालतात. मग सारे मातीच्या हंडीत भरायचे, झाकणाच्या कडेला कणीक लावून तोंड बंद करायचे आणि चार-पाच तास मंद आचेवर ठेवायचे. आपल्याकडे दम देतात, तसाच हा प्रकार. मांस चिवट म्हणूनच वेळ हवा. घाईने केले तर ते दातांखाली रबरासारखे लागते. थोडक्यात, या पदार्थाचा खरा मसाला म्हणजे कोणीतरी दिलेला वेळ.

कादंबरीत तो वेळ मिल्ड्रेड नावाच्या स्वयंपाकिणीने दिला आहे. तिने या एका पदार्थावर तीन दिवस घालवले, असे लेखिका एका ओझरत्या वाक्यांशात नोंदवते. झाकण काढते ती घरातली मोलकरीण मुलगी. मेजावर मात्र मिल्ड्रेडचे नाव निघत नाही. पाहुणे बँक्स तोंड भरून स्तुती करतात आणि मिसेस रॅम्झे आनंदाने सांगतात की ही आपल्या आजीची फ्रेंच कृती आहे. इतकेच नव्हे, मग इंग्रजी स्वयंपाकाची निंदा सुरू होते : कोबी पाण्यात उकडतात, मांस चामड्यासारखे होईपर्यंत भाजतात, आणि इंग्रज स्वयंपाकीण जेवढे टाकून देते तेवढ्यावर फ्रान्सातले एक कुटुंब जगेल. खाली स्वयंपाकघरात मिल्ड्रेड आहे. वर तिच्याच हातचे खाता खाता तिच्या जातीच्या बाईला नावे ठेवली जात आहेत. हे आम्हांला वर्गात कोणी दाखवले नाही, आणि आम्हांलाही दिसले नाही.

आणखी एक बारीक खूण आहे. हा पदार्थ नेमक्या क्षणी वाढला नाही तर बिघडेल, अशी काळजी मिसेस रॅम्झेंना लागून राहिलेली असते. प्रत्यक्षात दोब अर्धा तास थांबले तर काही बिघडत नाही. दुसऱ्या दिवशी गरम केलेले तर अधिक मुरलेले लागते. ही काळजी चुलीजवळच्या बाईची नव्हे, मेजाच्या टोकाला बसणाऱ्या यजमानीणबाईची आहे. स्वतः वुल्फबाईंच्या घरी नेली बॉक्सल ही स्वयंपाकीण १९१६ पासून १९३४ पर्यंत होती, आणि तिच्याशी झालेल्या कटकटींनी त्यांच्या रोजनिशीची पुष्कळ पाने भरली आहेत. १९२९ साली घरी तेलाचा स्टोव्ह आला आणि आता आपल्यालाच रांधता येईल याचा त्यांना लहान मुलासारखा आनंद झाला. हंडीपाशी किती वेळ जातो, हे त्यांना हळूहळूच कळत होते.

आता प्याल्याकडे वळू. चार्ल्स डिकन्स यांचे 'अ ख्रिसमस कॅरोल' १८४३ च्या डिसेंबरात निघाले. शेवटी बदललेला कंजूष स्क्रूज आपल्या कारकुनाला, बॉब क्रॅचिटला, पगारवाढ देतो आणि 'स्मोकिंग बिशप' पीत त्याच्या घरच्या अडचणींवर बोलू म्हणतो. हे पेय असे : कडवट जातीची संत्री भाजायची, त्यांत लवंगा टोचायच्या, ती साखर घालून वाइनमध्ये मुरवायची, मग पोर्ट नावाची गोड दारू व मसाले घालून उकळी न येऊ देता गरम करायचे. यातले लवंग, दालचिनी, जायफळ आपल्या घरी सर्दीच्या काढ्यात जातात. वाइन आणि मसाला यांचा हा प्रवास उलट दिशेनेही झाला : पोर्तुगीजांची वाइन-लसणीत मुरवलेल्या मांसाची रीत गोव्यात आली, वाइनच्या जागी माडाच्या ताडीचा शिरका आला आणि तिचे विंदालू झाले. शेजारच्या गोव्यातले हे ताट आपल्यापैकी अनेकांच्या ओळखीचे आहे.

डिकन्स भाबडा, ढोबळ, रडका. वुल्फबाई सूक्ष्म, संयत, आधुनिक. हा आमच्या वेळचा ठरलेला निकाल. पण क्रॅचिटांच्या घरचे नाताळचे जेवण पुन्हा वाचा. रस्सा आई गरम करते, बटाटे पीटर कुस्करतो, सफरचंदाच्या चटणीत साखर बेलिंडा घालते, ताटल्या मार्था पुसते. प्रत्येक हाताला नाव आहे. घरी भट्टी नाही म्हणून हंस बेकरीत भाजून आणावा लागतो, तेही सांगितले आहे. पुडिंग आले की बॉब सर्वांदेखत बायकोची पाठ थोपटतो : लग्नानंतरचे तिचे हे सर्वांत मोठे यश. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळवणाऱ्या घरात श्रेय जिथले तिथे पोचते. आणि शेवटच्या प्याल्याआधी स्क्रूज काय सांगतो? शेकोट्या पेटव आणि कोळशाचे नवे घमेले विकत आण. आरंभी याच मालकाने कोळसा आपल्याजवळ दडवला होता आणि कारकून मेणबत्तीवर हात शेकत होता. म्हणजे गरम प्याल्याची खरी ऊब मसाल्याची नाही. ती मालकाच्या कोळशाची आहे. एवढ्या एका गोष्टीत भाबडा डिकन्स पुढे आहे, असे मला वाटते.

मग वुल्फबाईंची हंडी उणी का? तसेही नाही. कादंबरीच्या दुसऱ्या भागात दहा वर्षे जातात. मिसेस रॅम्झे गेल्याची बातमी कंसातल्या एका वाक्यात येते. पडीक घर झाडायला म्हातारी मिसेस मॅकनॅब येते, आणि तिला स्वयंपाकीण आठवते. नाव मात्र नीट आठवत नाही : मिल्ड्रेड की मेरियन? पण ती तांबड्या केसांची, तापट होती, तिच्या स्वयंपाकघरात आपले नेहमी स्वागत असे, हे आठवते. मालकीणबाईंनी आपल्यासाठी दुधाच्या सारची बशी राखून ठेवायला सांगितली होती, हेही आठवते. मेजावरची स्तुती विरून गेली. मोलकरणीच्या डोक्यात स्वयंपाकीण उरली. लेखिकेला आपल्या पंगतीतली उणीव कळली होती आणि तिने ती उशिरा, अर्धीमुर्धी का होईना, भरून काढली. मोठे पुस्तक आपल्याच चुकीची साक्ष आपल्यातच ठेवते.

हे लिहिताना मिसेस मॅकनॅबच्या जागी मी स्वतःला पाहतो आहे. लहानपणी आमच्याकडे मोठ्या कार्याला मांडे करायला एक बाई यायच्या. घरी मराठी, चुलीशी कानडी, असे त्यांचे बोलणे. धगीसमोर बसून दोन्ही हातांवर मांडा फिरवत फिरवत मोठा करायच्या आणि उपड्या खापरावर टाकायच्या; आम्ही मुले श्वास रोखून पाहत असू. पंगतीत वडील पाहुण्यांना अभिमानाने सांगत, "ही आमच्या आजीची पद्धत." पाहुणे माना डोलवत. ते खोटे बोलत होते असे नाही. पण आत बसलेल्या बाईंना ते ऐकू जात असणार.

आम्ही त्यांना नुसते काकू म्हणत असू. परवा थोरल्या बहिणीला त्यांचे नाव विचारले. तिलाही आठवेना. त्या कपाळाला पदर लावून घाम पुसत आणि पहिला मोडलेला मांडा आम्हां मुलांना देत, एवढेच दोघांना आठवले.

या दिवाळीत पाहुणे आले, फराळाची स्तुती झाली, की 'आमच्या घरची पद्धत' एवढे म्हणून थांबू नये. कढईपाशी कोण बसले होते, ते नावानिशी सांगावे. समीक्षेचेही बहुधा एवढेच काम असते.