थॉर्नक्राऊनचा शिल्पी

एखाद्या वास्तुशिल्पज्ञास 'प्रादेशिक' हें विशेषण लावण्यांत बहुधा थोडी कृपादृष्टि असते. मुख्य पंक्तींत पान न मिळालेल्याला ओसरीवर वाढावें, तशी. अमेरिकेंतील अर्कान्सास राज्याचे फे जोन्स (१९२१-२००४) यांना हें विशेषण जन्मभर चिकटलें. १९९० सालीं अमेरिकन वास्तुशिल्पज्ञांच्या संस्थेनें त्यांना आपलें सुवर्णपदक दिलें, तरीहि तें सुटलें नाहीं. माझें म्हणणें असें कीं, तें सुटूं नये. मात्र त्याचा अर्थ नीट लावला पाहिजे.

चरित्र साधेंच आहे. लहानपणीं झाडावर खोपटें बांधण्याचा नाद. पुढें चित्रपटगृहांत फ्रँक लॉइड राईट यांच्या जॉन्सन कंपनीच्या इमारतीवरील एक लघुपट पाहिला, आणि धंदा ठरला. युद्धांत नौदलाचें विमान चालविलें, १९५० सालीं अर्कान्सास विद्यापीठाची पदवी घेतली, १९५३ सालीं खुद्द राईट यांच्या टॅलिसिन आश्रमांत राहिले. त्याच वर्षीं फेएटव्हिलला येऊन ते विद्यापीठांत शिकवूं लागले, ते १९८८ पर्यंत. राईट यांचें शिष्यत्व हें वरदान तसें संकटहि होतें. कित्येक शिष्य त्या वटवृक्षाखालीं खुरटले. जोन्स यांच्या आरंभींच्या घरांतहि गुरूचा हात उघड दिसतो: तींच लांब पसरलेलीं छपरें, तोच घराच्या मध्यभागीं मांडलेला दगडी शेगडीचा कोनाडा.

स्वतःचा सूर त्यांना सांपडला तो ओझार्क टेकड्यांत, यूरेका स्प्रिंग्स गांवाजवळ. तेथील एका निवृत्त शिक्षकाच्या जमिनीवरून देखावा चांगला दिसे, म्हणून प्रवासी वाटेंत थांबत. त्यांना हांकलण्याऐवजीं त्यांच्यासाठीं प्रार्थनामंदिर बांधावें, असें त्या गृहस्थांनीं ठरविलें. १९८० सालीं पुरें झालेलें हें थॉर्नक्राऊन मंदिर २४ फूट रुंद, ६० फूट लांब व ४८ फूट उंच आहे. खिडक्या ४२५, कांच ६,००० चौरस फुटांहून अधिक. अट एकच होती: भोंवतालचीं झाडें राखावयाचीं. मोठीं यंत्रें रानांत घातलीं, तर झाडें जाणार. म्हणून दोन माणसांना पायवाटेनें वाहून नेतां येईल, त्याहून जड वासा वापरावयाचा नाहीं, असें ठरलें.

त्या अटीनेंच इमारतीचें रूप घडविलें. वासे बारीक, म्हणून पुष्कळ. पुष्कळ, म्हणून छताखालीं त्यांचें जाळें. आणि त्यांना करड्या रंगाचा हात दिलेला, म्हणून तें जाळें बाहेरच्या फांद्यांपासून निराळें काढतां येत नाहीं. डोळ्यांपुढें नमुना होता पॅरिसच्या सेंट-शापेलचा. पण गॉथिक मंदिरांत दगडी छत भिंतींना बाहेर रेटतें, आणि त्यांना बाहेरून टेकू द्यावे लागतात. जोन्स यांनीं हा हिशेब उलटा केला. येथें तिरपे वासे आंतूनच दोन्ही बाजूंना एकमेकींकडे ओढून धरतात. बाहेर टेकू नाहींत, नुसती झाडें आहेत.

येथें ओझार्कमधील जुन्या झोंपड्यांचा एखादा आकार उचलून चिकटविलेला नाहीं. नमुना फ्रान्सचा, दृष्टि राईट यांची. अर्कान्सासचें काय, तर पाइनचे वासे, दगडी फरशी, आणि झाड न तोडण्याची आज्ञा. मी प्रादेशिकता म्हणतों ती हीच. बेला व्हिस्टा येथील कूपर मंदिरांत (१९८८) ती उणी पडली. तेथें पोलादाच्या कमानी आल्या, त्यांना डौलदार वळणें मिळालीं. पण कमान अशीच कां, या प्रश्नास जागेकडून उत्तर मिळत नाहीं.

प्रदेश म्हणजे झाडें व दगडच नव्हेत, हेंहि सांगितलें पाहिजे. १९५७ सालीं लिट्ल रॉकच्या शाळेंत नऊ कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना शिरूं न देण्यासाठीं गव्हर्नर फॉबस यांनीं सैनिक उभे केले. त्यांचें हंट्सव्हिल येथील घर जोन्स यांनींच रचलें. स्तुतिपाठक तेथें पान उलटतात. घर चांगलें आहे, एवढ्यावर मला तें उलटवत नाहीं.

२०१३ सालीं थॉर्नक्राऊनजवळून उच्च दाबाची वीजवाहिनी नेण्याची योजना निघाली. मंदिराच्या एका वाशालाहि धक्का लागणार नव्हता, जाणार होतें तें कांचेपलीकडचें रान. पुष्कळ विरोध झाला, आणि २०१४ च्या अखेरीस योजना मागें घेण्यांत आली.