‘एवढी वर्षं गप्प का?’ : एका प्रश्नाची चिकित्सा

घोडेस्वारीच्या खेळातल्या लैंगिक अत्याचाराच्या आरोपांवर जे लिहिलं-बोललं गेलं ते वाचायला बसलं की एक वाक्य सारखं भेटतं: ‘एवढी वर्षं गप्प का बसले?’ आजची पोस्ट या एकाच वाक्याबद्दल आहे. पूर्वग्रह दरवेळी आरडाओरडा करत येत नाही. बऱ्याचदा तो असा साधा, शहाणा वाटणारा प्रश्न बनून येतो आणि आपण त्याला तसाच आपल्या सायनॉप्सिसमध्ये बसवतो.

आधी प्रकरण थोडक्यात. जॉर्ज मॉरिस हे अमेरिकेतल्या शो जम्पिंगमधलं फार मोठं नाव. १९६० च्या रोम ऑलिम्पिकमध्ये सांघिक रौप्य, १९७१ मधलं ‘हंटर सीट इक्विटेशन’ हे गाजलेलं पुस्तक, आणि २००८ च्या ऑलिम्पिकमध्ये सुवर्ण जिंकणाऱ्या अमेरिकन संघाची धुरा. ऑगस्ट २०१९ मध्ये ‘यूएस सेंटर फॉर सेफस्पोर्ट’ या संस्थेने अल्पवयीन व्यक्तीशी लैंगिक गैरवर्तनाच्या कारणावरून त्यांच्यावर कायमची बंदी घातली. आरोप १९६८ ते १९७२ या काळातले होते. मॉरिस यांनी ते नाकारले आणि लवादाकडे दाद मागितली. नोव्हेंबर २०१९ मध्ये लवादाने बंदी कायम ठेवली.

बंदी जाहीर झाल्यावर ‘आय स्टँड विथ जॉर्ज’ या नावाने समर्थकांचा फेसबुक ग्रुप उभा राहिला. समर्थनाचा सूर ढोबळमानाने तीन प्रकारचा होता. एक, पन्नास वर्षांनी आरोप कसले करता? दोन, मला तर त्यांनी घडवलं, माझ्याशी ते कधी वावगं वागले नाहीत. तीन, ही प्रक्रियाच अन्यायाची आहे. हे तिन्ही मुद्दे एकाच दमात मांडले जातात, पण त्यांची जात वेगवेगळी आहे. एकेक करून बघू.

दुसऱ्यापासून सुरुवात करू, कारण तो सोपा आहे. ‘माझ्याशी चांगले वागले’ हे विधान खरं असू शकतं. पण ते विधान करणारे कोण? जे खेळात टिकले ते. ज्यांनी सोळाव्या-सतराव्या वर्षी घोडा विकून खेळ सोडला, ते या नमुन्यात येतच नाहीत. मेथडॉलॉजीच्या पेपरात आपण सॅम्पलिंग फ्रेमची व्याख्या पाठ करतो. तिचा अर्थ इथे कळतो. टिकलेल्यांना विचारून गळालेल्यांबद्दल निष्कर्ष काढता येत नाही.

आता मूळ प्रश्न, उशिराचा. एखादी गोष्ट पुरावा कधी ठरते? आरोप खरा असेल तर ती एका प्रमाणात दिसावी आणि खोटा असेल तर वेगळ्या प्रमाणात, तेव्हाच. उशीर खऱ्या आरोपातही होतो, खोट्यातही होऊ शकतो. मग नुसत्या उशिरावरून दोघांत फरक कसा करणार? नीट ऐका, उशीर झाला म्हणून आरोप खरा, असंही मी म्हणत नाहीये. उशीर आरोपीबद्दल फारसं सांगत नाही. तो सांगतो खेळाच्या रचनेबद्दल.

ही रचना समजून घ्यायला लिटरेचरमध्ये सुरुवात बहुतेकदा सेलिया ब्रॅकनरिज यांच्यापासून होते. त्यांनी सँड्रा कर्बी यांच्यासोबत १९९७ मध्ये एक कल्पना मांडली: खेळाडू अव्वल दर्जाच्या अगदी उंबरठ्यावर असतो, आणि त्याच सुमारास वयातही येत असतो, तेव्हा धोका सगळ्यात जास्त. कारण तोवर खूप काही पणाला लागलेलं असतं आणि हातात अजून काहीच नसतं. कल्पना दमदार आहे. पण ती घोडेस्वारीला जशीच्या तशी लावली तर अपुरी पडते, असं माझं मत आहे.

का ते बघा. जिम्नॅस्टिक्समध्ये मुलगी विशी-पंचविशीत खेळातून बाहेर पडते आणि प्रशिक्षकाची पकड निदान सैल होते. घोडेस्वारीत पन्नाशीतले लोकही ऑलिम्पिकला जातात. इथला प्रशिक्षक फक्त शिकवत नाही. घोडा कुठला घ्यायचा ते तो सांगतो, त्या खरेदी-विक्रीत कमिशन घेतो, घोडा त्याच्याच तबेल्यात ठेवला जातो. पैसे नसलेली मुलं शिकवणीच्या बदल्यात तबेल्यात राबतात, बऱ्याचदा तिथेच राहतात. इक्विटेशनच्या स्पर्धेत गुण स्वाराच्या बैठकीला आणि शैलीला असतात, म्हणजे परीक्षकाच्या नजरेवर. आणि तो परीक्षक याच छोट्या वर्तुळातला. शिष्य मोठा होऊन स्वतः प्रशिक्षक झाला, तरी त्याचं गिऱ्हाईक याच वर्तुळातून येणार. उंबरठा ओलांडला की धोका संपतो, असं इथे होत नाही. गप्प राहण्याची किंमत चाळीस वर्षं चालू राहू शकते.

याला ताडून बघायला दुसरं प्रकरण आहे. कॅलिफोर्नियातल्या फ्लिंट्रिज रायडिंग क्लबचे प्रसिद्ध प्रशिक्षक जिमी विल्यम्स १९९३ मध्ये वारले. त्यांच्यावरचे आरोप न्यूयॉर्क टाइम्समध्ये छापून आले २०१८ मध्ये. बोलणाऱ्यांत ऑलिम्पिक पदक जिंकलेली स्वारही होती. त्यानंतर फेडरेशनने जीवनगौरव पुरस्काराच्या चषकावरून विल्यम्स यांचं नाव काढलं. भीती फक्त त्या माणसाची असती, तर ती १९९३ लाच ओसरायला हवी होती. पुढच्या पंचवीस वर्षांचा हिशोब एकट्या विल्यम्सवर टाकता येत नाही. समाजाकडेही बघावं लागतं. अर्थात एका प्रकरणावरून सिद्धांत उभा राहत नाही. लाज, आठवणींचा त्रास, ही कारणंही असतात. शिवाय तक्रार करायची तर कुठे? सेफस्पोर्ट सेंटर सुरूच झालं २०१७ मध्ये. सज्ञान व्यक्तींवर चोवीस तासांत माहिती देण्याचं बंधन घालणारा अमेरिकेचा केंद्रीय कायदा आला फेब्रुवारी २०१८ मध्ये, लॅरी नासर प्रकरणानंतर. खिडकी उघडलीच नव्हती, आणि आपण विचारतोय की रांग आधी का नव्हती.

राहिला तिसरा मुद्दा, प्रक्रियेचा. तो मात्र झटकून टाकू नका. सेंटरचा निकष ‘घडलं असण्याची शक्यता जास्त’ एवढाच आहे, आणि लवादासमोरची सुनावणी निर्णय झाल्यानंतर होते. यावर प्रामाणिक चर्चा होऊ शकते. शिक्षा तुरुंगाची नसून खेळातून बाहेर काढण्याची आहे, म्हणून निकष सौम्य असणं मला पटतं. तुम्हाला पटणार नाही, चालेल. पण हा मुद्दा खरा असेल तर तो अनोळखी, बिनपदकाच्या प्रशिक्षकासाठीही तितक्याच जोराने मांडला जायला हवा. तो कोणासाठी मांडला जातो आणि कोणासाठी नाही, हे मोजता येतं. इथे एक चांगला रिसर्च प्रश्न पडून आहे.

ज्यांना या विषयावर काम करायचंय त्यांना दोन गोष्टी सांगतो. बातम्या, निवेदनं, नियमावल्या, सार्वजनिक याद्या यांतून भरपूर काम होतं. पीडितांना पुन्हा सगळं सांगायला लावणारी मुलाखत हा पहिला पर्याय ठेवू नका. आणि सायनॉप्सिस लिहिताना ‘तक्रारदार उशिरा का बोलले’ हे वाक्य खोडा. त्याऐवजी लिहा: ‘बोलायला किती वर्षं लागली, आणि त्या प्रत्येक वर्षी कोणतं दार बंद होतं?’ पहिल्या प्रश्नात आपण तक्रारदाराची उलटतपासणी घेतो. दुसऱ्यात फेडरेशन, क्लब, तबेले आणि परीक्षक यांना उत्तर द्यावं लागतं.