बारावा मासा कुणाकडे?

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’वर (१९८४) बोलताना आपले समीक्षक बहुतेक एकाच शब्दापाशी येऊन थांबतात : अस्मिता. ‘मी कोण?’ यावर पानंच्या पानं. पण पुस्तकातलं पोर आधी भुकेलं आहे. आई महार, बाप पाटील. बापाकडं जमीनजुमला, पोराच्या पोटात आग. म्हणजे प्रश्न पोटगीचा आधी, अस्मितेचा नंतर. समीक्षेनं ही भाकर बघितलीच नाही.

तोळ्याचे मासे बारा. लग्नाचं पोर बारामाशी, बिनलग्नाचं अक्करमाशी. एक मासा गावानं काढून घेतला. कोर्टानं तो परत दिला काय?

पोटगीपुरता दिला. फौजदारी संहितेच्या १२५ कलमात मूल औरस असो वा अनौरस, बापानं पोसायचं, असं होतं. १ जुलै २०२४ पासून नागरिक सुरक्षा संहितेचं १४४ कलम तेच सांगतं. पण बापपण शाबीत कुणी करायचं? आईनं. नवऱ्यानं टाकलेली, काडीमोडाचा कागद नसलेली बाई कोर्टात गेली, की पाटलाचा वकील तिच्या नवऱ्याआड लपणार. लग्न टिकून असताना झालेलं पोर नवऱ्याचंच, असं पुराव्याचा कायदा १८७२ पासून धरून चालतो. दोघांची गाठच पडत नव्हती, हे बाईनं दाखवायचं. रक्ततपासणीचा हुकूम सरसकट देऊ नये, असं सुप्रीम कोर्टानं १९९३ साली म्हटलं. पोरावर डाग नको, हा त्यातला हेतू चांगला. पण त्याची सावली पाटलालाही मिळते. २०१४ साली एका खटल्यात त्याच कोर्टानं डीएनएचा अहवाल गृहीतकापेक्षा वरचढ मानला. पण तिथं सुटला तो नवरा. पोटगी गेली पोराची.

आणि शेत? १९५६ चा हिंदू वारसा कायदा आपल्या बौद्धांनाही लागू आहे. तो बिनलग्नाच्या पोराचं नातं आईशी जोडतो, बापाशी नाही. म्हणजे सज्ञान होईपर्यंत भाकर, पण सातबाऱ्यावर नाव नाही. बारावा मासा तिथं अडकलाय.

म्हणून दोस्तांनो, ‘अक्करमाशी’ पुन्हा वाचा, पण गावचा सातबारा शेजारी ठेवून. लिंबाळ्यांचं दुःख एकट्याचं नाही, ते मिळकतीच्या व्यवस्थेचं आहे. आणि वस्तीतली एखादी बाई पोटगीसाठी कोर्टाची पायरी चढत असेल, तर तिची कहाणी लिहायच्या आधी तिच्याबरोबर जा. जन्माची नोंद काढा, शाळेचा दाखला काढा, साक्षीला माणसं उभी करा. गावात सगळ्यांना बाप माहीत असतो. कोर्टात येऊन सांगणारं कुणी नसतं.